हे खरे आहे काय?

विधान परिषदेची तारांकित प्रश्नांची यादी ज्यांनी कधी हातात घेतली नसेल, त्यांच्यासाठी तिचा साचा सांगतो. वर विषय, त्याखाली प्रश्न विचारणाऱ्या सदस्यांची नावं, मग 'सन्माननीय शालेय शिक्षण मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय' अशी ओळ आणि खाली क्रमांक घातलेली तीन-चार कलमं. पहिलं कलम 'हे खरे आहे काय' असं संपतं. दुसरं 'असल्यास' म्हणून सुरू होतं. शेवटचं ठरलेलं : 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' त्याखाली मंत्र्यांचं उत्तर, तेही क्रमांकवार. 'होय.' 'हे खरे नाही.' 'हे अंशतः खरे आहे.' आणि खात्याचं सगळ्यांत लाडकं उत्तर : 'प्रश्न उद्भवत नाही.'

मी गणिताचा मास्तर. तालुक्याच्या गावातल्या अनुदानित हायस्कुलात आठवी ते दहावीला बीजगणित-भूमिती शिकवली, घटक चाचणीपासून सराव परीक्षेपर्यंत पेपर काढले, दहावी बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासल्या. त्यामुळे आमदार म्हणून ही छापील यादी पहिल्यांदा समोर आली तेव्हा हात आपोआप लाल पेनाकडे गेला. पायऱ्या न दाखवता नुसतं उत्तर लिहिणाऱ्या पोराचे आपण गुण कापतो. इथे राज्य सरकार पायऱ्या न दाखवता उत्तर लिहीत होतं आणि पैकीच्या पैकी गुण घेऊन जात होतं.

तिथवर पोचलो कसा, ते थोडक्यात सांगतो. आपल्या विधान परिषदेत ७८ सदस्य. ३० जणांना विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांकडून येतात, १२ राज्यपाल नेमतात, ७ पदवीधरांचे आणि ७ शिक्षकांचे. मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद, अमरावती, नागपूर असे शिक्षकांचे सात मतदारसंघ. घटनेच्या १७१व्या कलमात ही सोय आहे. तिच्यात दोन गोष्टी अशा आहेत की गावातल्या जुन्याजाणत्या पुढाऱ्यांनाही त्या सांगून पटत नाहीत. एक, मतदार शिक्षकच हवा, पण उमेदवार शिक्षक असलाच पाहिजे अशी अट नाही. त्यामुळे संस्थाचालक उभे राहतात, पत्रकार उभे राहतात, ज्यांनी खडू कधी हातात धरला नाही तेही राहतात आणि निवडूनही येतात. दुसरी गोष्ट, मतदार म्हणजे माध्यमिक शाळेपासून वर शिकवणारा, गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं तरी शिकवलेला. म्हणजे पहिलीला मुळाक्षरं गिरवून घेणारे जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी आणि बाई या यादीत नाहीत. ज्यांनी मुलाला वाचायला शिकवलं त्यांना मत नाही, आणि ते वाचता येतं असं गृहीत धरून पुढे जाणाऱ्या आम्हाला आहे.

मी तालुक्यात संघटनेचा सेक्रेटरी होतो. शिक्षकांच्या राजकारणात संघटना हाच पक्ष. विदर्भात विमाशि, पश्चिमेकडे टीडीएफ, शिवाय शिक्षक परिषद. खऱ्या पक्षांचे झेंडे त्यांच्या मागे हळूहळू आले. माझं नाव पुढे का आलं, याबद्दल मला कधी भ्रम नव्हता. वक्तृत्व बेताचं, पैसा त्याहून बेताचा. पण वेतन पथकात कोणतं देयक कोणत्या टेबलावर अडतं आणि ते तिथून हलवायला कुठला कागद जोडावा लागतो, हे मला पाठ होतं. लोकांनी मला त्यासाठी निवडलं. मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि उभा राहिलो.

शिक्षक मतदारसंघाचा प्रचार मधल्या सुट्टीत होतो. सभा नाही, भोंगा नाही. अनेक जिल्ह्यांत विखुरलेल्या शाळा आणि भेटायला मिळतात ती दुपारची तीस-पस्तीस मिनिटं. दौरा आखताना आम्ही नकाशाआधी शाळांची वेळापत्रकं समोर घ्यायचो. सकाळच्या सत्राच्या शाळा आधी, दुपारच्या नंतर. ज्यांची सुट्टी पाऊण वाजता आणि ज्यांची दोन वाजता, त्या जोडून. स्टाफरूममध्ये शिरलं की कुणी तरी डबा पुढे करायचं, कुणी तरी मेडिकल बिलाची झेरॉक्स. जुनी पेन्शन, वरिष्ठ श्रेणी, निवड श्रेणी, टप्पा अनुदान, अर्जित रजा, शालार्थमधलं चुकलेलं नाव. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेले कोपऱ्यात वेगळे बसलेले दिसायचे, कारण त्या तारखेने एकाच स्टाफरूमचे दोन भाग केले होते : पेन्शनवाले आणि अंशदानवाले. खिडकीत पोरं लोंबकळत विचारायची, "कोण आलंय?" कुणी तरी त्यांना हाकलायचं. सुट्टी संपल्याची घंटा झाली की आम्ही पुढच्या शाळेकडे.

मतदानाबद्दलही सांगायला हवं. इथे यंत्र नाही, कागदी मतपत्रिका आणि पसंतीक्रम. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केच पेननेच लिहायचं, उमेदवाराच्या नावासमोर १ हा आकडा घालायचा, हवं तर पुढे २, ३. 'एक' असं अक्षरात लिहिलं, बरोबरची खूण केली, सही केली की मत बाद. हे सगळं मतदान केंद्राच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावलेलं असतं. तरी मतमोजणीच्या टेबलावर बाद मतांचा गठ्ठा निघतोच. मास्तरांचा गठ्ठा! वर्षभर दुसऱ्यांच्या पेपरवर 'सूचना नीट वाच' असा शेरा मारणारी ही मंडळी. मोजणी रात्रभर चालते, कारण पहिल्या पसंतीत कोटा पूर्ण झाला नाही तर तळचा उमेदवार बाद करत, त्याच्या दुसऱ्या पसंतीची मतं वाटत वर यायचं असतं. गणिताच्या माणसाला तो प्रकार बघायला आवडला, पण आपलंच नाव त्यात असताना नव्हे.

सभागृहात गेलो. मास्तर सभागृहात ओळखू येतो तो एकच मुद्दा तीनदा सांगतो म्हणून. मागच्या बाकापर्यंत पोचलं पाहिजे ही आपली सवय. शाळेत तासाची घंटा झाली तरी 'एवढं उदाहरण पुरं करू' म्हणून पाच मिनिटं चोरता येतात. सभापतींच्या घंटेनंतर ती मिळत नाहीत. माईक बंद होतो आणि मग आपण नुसते हातवारे करत उभे.

परिषदेत शिक्षकांची परंपरा मोठी आहे आणि आम्हाला तिचं दडपण असायचं. फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकवणारे ग. प्र. प्रधान पुणे पदवीधरमधून १८ वर्षं तिथे होते, विरोधी पक्षनेतेही झाले. एन. डी. पाटील प्राध्यापकी करून आलेले. पुढे पुलोद सरकारात सहकारमंत्री झाले. अमरावती पदवीधरचे प्रा. बी. टी. देशमुख अनुशेषाचे आकडे आणि नियमावलीतले नियम दोन्ही मुखोद्गत असलेले. या माणसांची भाषणं ग्रंथालयात काढून वाचली तर लक्षात येतं की ती गाजली ती आवाजामुळे नाही. त्यांनी आधी कागद वाचलेला असायचा. गोव्यात परिषद नाही, त्यामुळे तिथल्या शिक्षकाला सरळ विधानसभेच्या रिंगणात उतरावं लागतं. हरमलला शाळेत असलेले लक्ष्मीकांत पार्सेकर मांद्रेतून तसेच निवडून गेले आणि २०१४ मध्ये मुख्यमंत्री झाले. तो मार्ग मोठा आणि वेगळा. तिथे सगळ्या गावाचं मत लागतं.

प्रश्न कसा विचारायचा हे मला एका ज्येष्ठ सदस्यांनी लॉबीत चहा पिताना शिकवलं. मी लिहिलेला मसुदा त्यांच्या हातात होता. मथितार्थ असा होता : शासनाच्या अक्षम्य दुर्लक्षामुळे अमुक तालुक्यातल्या ३८ शाळांतल्या शिक्षकांचं वेतन जानेवारीपासून रखडलं आहे, हे खरे आहे काय?

"सर, तुम्ही पेपर काढायचे ना?" त्यांनी विचारलं. "मग असा प्रश्न कसा काढता? यात चार पळवाटा आहेत. 'अक्षम्य दुर्लक्ष' खातं कबूल करणार नाही. शाळा ३८ नसून ३७ निघतील. जानेवारीचा पगार निघालेला असेल, फेब्रुवारीपासूनचा अडला असेल. आणि वेतन रखडलं नाही, देयक त्रुटीपूर्ततेसाठी परत पाठवलंय, असं म्हणतील. पहिल्या कलमाला 'हे खरे नाही' आलं की खालच्या सगळ्यांना 'प्रश्न उद्भवत नाही'. शिक्षकाच्या घरी पगार नाही आणि सभागृहात प्रश्न उद्भवलेला नाही."

त्यांनी खिशातून पेन काढलं, विशेषणं खोडली, आकडा खोडला, महिना खोडला. उरलं ते एवढंच : अमुक जिल्ह्यातल्या किती शाळांची वेतन देयकं अमुक तारखेला प्रलंबित होती? कोणत्या तारखेपासून? प्रत्येकाचं कारण काय? याला 'हे खरे नाही' म्हणताच येत नाही. आकडा द्यावाच लागतो. आकडा आला की उपप्रश्नाला जागा होते. आणि उपप्रश्न एका श्वासात संपेल एवढाच हवा. मंत्री 'तपासून घेऊ' म्हणाले तर हाती काही लागलं नाही. 'एक महिन्यात निर्णय घेऊ' म्हणाले तर ते आश्वासन, मग त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती आहे. त्या दोन वाक्यांतला फरक मंत्र्यांना पक्का ठाऊक असतो. त्यांचे अधिकारी चिठ्ठी पाठवतात तीच मुळी 'आश्वासन देऊ नये' अशी.

तेव्हापासून मी प्रश्न काढायला लागलो आणि ते काम मला जमलं, हे आज म्हणायला हरकत नाही. मंत्रालयासमोरच्या आकाशवाणी आमदार निवासात रात्री बसून शासन निर्णय वाचायचो. शासन निर्णय वाचण्याचीही एक तऱ्हा आहे. मधला मजकूर सगळे वाचतात. मी शेवटून सुरुवात करायचो. शेवटी वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भाचा क्रमांक आणि तारीख असेल तर त्या निर्णयामागे पैसे आहेत. पैसे लागणारा निर्णय असून तो संदर्भ नसेल, तर राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने काढलेला असला तरी वेतन पथकात तो चालणार नाही. स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेलेले असे कितीतरी निर्णय पुढे 'स्पष्टीकरण' मागत फिरताना मी पाहिले.

कामाचा गाभा होता विनाअनुदानित शाळा. २००१ मध्ये सरकारने ठरवलं की यापुढच्या नव्या शाळा कायम विनाअनुदान तत्त्वावर. शाळा उघडायची परवानगी सरकारची, अभ्यासक्रम सरकारचा, परीक्षा बोर्डाची, पगार मात्र संस्थेने द्यायचा. खेड्यातली संस्था पगार कुठून देणार? फी घ्यायची म्हटलं तर पोरं कापूस वेचणाऱ्यांची. मग शिक्षक नेमणूक घेतात ते 'आज ना उद्या अनुदान येईल' या भरवशावर. २००९ मध्ये 'कायम' हा शब्द वगळला गेला आणि शाळांचं मूल्यांकन करून टप्प्याटप्प्याने अनुदान द्यायचं धोरण आलं. मूल्यांकन झालं, पात्र शाळांच्या याद्या झाल्या, त्रुटी निघाल्या, फेरतपासण्या झाल्या. पहिला वीस टक्क्यांचा टप्पा २०१६ मध्ये निघाला.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ही माणसं भेटायची. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला वर्षातून एक अधिवेशन दिलं, त्याबरोबर मोर्चांचा एक हंगामही दिला. यशवंत स्टेडियमपाशी मांडव, एकेका संघटनेचा फलक, थंडीत रात्र काढलेली माणसं, कानाला मफलर. मी सकाळी सभागृहात जाण्याआधी तिथे जायचो. एका वर्षी एक विज्ञानाचे शिक्षक भेटले. बी.एस्सी., बी.एड.; २००२ पासून एका विनाअनुदानित हायस्कुलात. हातात प्लास्टिकचं फोल्डर. नेमणुकीचा आदेश, संस्थेचा ठराव, शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता, मूल्यांकनाचा निकाल, सगळे कागद क्रमाने लावलेले. पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिलेली अनुक्रमणिका. असं फोल्डर मी एकाही सरकारी कचेरीत पाहिलेलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत ते एका मुकादमाकडे ऊसतोडीच्या टोळीचा हिशेब लिहायला जात. त्या पैशांवर वर्षाचा किराणा.

"सर, एक गंमत सांगतो," ते म्हणाले. "माझ्या दहावीच्या पहिल्या बॅचचा एक पोरगा डी.एड. करून झेडपीत शिक्षणसेवक लागला. परवा बाजारात भेटला. पाया पडला आणि भाजीचे पैसे त्यानेच दिले. मी देऊ दिले."

एवढं बोलून ते फोल्डर आवरायला लागले. त्यांना माझ्याकडून त्या दिवशी काही नको होतं. त्यांचं नाव यादीत आहे का एवढंच बघायचं होतं. यादीत शाळेचं नाव होतं. पुढे पहिला टप्पा मिळाला तेव्हा त्यांचं मला पत्र आलं, त्यात पगाराची चिठ्ठी जोडली होती. वीस टक्के. चौदा वर्षं शिकवून झाल्यावर पगाराचा पाचवा हिस्सा. मी वर्गात शेकडेवारी शिकवताना असलं उदाहरण घातलं असतं तर पोरांनी म्हटलं असतं, सर, हे खरं वाटत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो घेणारे सगळेच मूर्ख नसतात. शिक्षक आमदार फक्त पगाराचं बोलतात, शिक्षणाचं कधी बोलतात? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. ज्या शाळेतला विज्ञानाचा शिक्षक सुट्टीत ऊसतोडीचा हिशेब लिहितो, तिथे पगाराचा प्रश्न हाच शिक्षणाचा प्रश्न आहे, एवढं मी कुठेही उभा राहून सांगेन. पण ते सगळीकडे खरं नाही. काही ठिकाणी शिक्षकाचं हित एकीकडे जातं आणि मुलाचं दुसरीकडे, आणि तिथे मतदार कोण आहे हे आपोआप आठवतं.

असं एक वळण २०११ च्या ऑक्टोबरात आलं. राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. इतर खात्यांची माणसं शाळाशाळांत गेली आणि डोकी मोजली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला मतदानाची असते तशी शाई लावली. हजेरीपटावर नावं होती आणि वर्गात पोरं नव्हती, अशा शाळा ठिकठिकाणी निघाल्या. कारण साधं होतं. पटावर तुकड्या, तुकड्यांवर पदं, पदांवर अनुदान. तीस सप्टेंबरची पटसंख्या धरून संचमान्यता व्हायची, म्हणून त्या तारखेपर्यंत पट फुगायचा. पुढे २०१२ मध्ये शिक्षक भरतीवर बंदी आली आणि हजारो शिक्षक 'अतिरिक्त' या एका शब्दाखाली आले.

संघटनांचा सूर होता की शिक्षकांना चोर ठरवलं. त्यात तथ्यही होतं. खोटा पट संस्था लिहायला लावते आणि सही वर्गशिक्षकाची असते. नाही म्हणणाऱ्याची नोकरी जाते. शाळा न्यायाधिकरणात जाऊन ती परत मिळवायची तर वर्षं जातात. एका जिल्ह्याच्या ठिकाणी आमची बैठक झाली, हॉल खच्चून भरलेला, आणि सगळ्यांची अपेक्षा होती की मी पडताळणीच्या विरोधात ठराव मांडेन. मी म्हटलं, "पट खोटा असेल तर पदही खोटं. माणूस मात्र खरा आहे. माणसासाठी भांडू, खोट्या पटासाठी मी भांडणार नाही." टाळ्या पडल्या नाहीत. मागून एक जण म्हणाला, "सर, तुम्हाला परत उभं राहायचं नाही वाटतं!" हशा झाला. समायोजनासाठी आम्ही भांडलो, त्यात बरंच मिळालंही. पण त्या शाई लागलेल्या बोटांचा विषय माझ्या डोक्यातून गेला नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी येऊन त्या पोरांची गणती केली होती, आणि तीही पदं ठरवायला.

त्यानंतर खेड्यापाड्यांत जे सुरू झालं ते शहरातल्या वाचकांना फारसं ठाऊक नसेल. पद टिकवायचं तर मुलं हवीत. मे महिन्याच्या उन्हात शिक्षक मोटारसायकलवर वाड्या-वस्त्या पालथ्या घालतात. 'तुमच्या पोराचा दाखला आमच्याकडे द्या' म्हणून आईबापांच्या ओट्यावर बसतात. दप्तर आम्ही देऊ, गणवेश देऊ, रिक्षाचे पैसे आमच्याकडे. हे पैसे शिक्षकांच्या खिशातून जातात, वर्गणी काढून. एका गावात तीन हायस्कुलांचे शिक्षक एकाच सातवी पास मुलीच्या दारात उभे असलेले मी पाहिले आहेत. तिची आजी आम्हाला म्हणाली, "एवढी मागणी तर तिच्या लग्नालाबी येनार नाही." सभागृहात यावर मी बोललो, तेव्हा दोन्ही बाजूंनी हसले. त्या मुलीला तीनपैकी कोणत्या शाळेत चांगलं गणित शिकवतात, हे मात्र तिथे कुणी विचारत नव्हतं. ना दारात, ना सभागृहात.

मुलांसाठी म्हणून नीट पार पडलेलं एक काम आठवतं, ते सभागृहाबाहेरचं आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो, आणि मानव विकास कार्यक्रमाखालच्या तालुक्यांत मुलींसाठी खास बसही सोडल्या जातात. योजना उत्तम. मी एका शाळेत मेडिकल बिलांच्या भानगडीत गेलो होतो. शेवटच्या तासाला दहावीच्या वर्गावरून जाताना पाहिलं तर एका बाजूचे बाक रिकामे. मुलींची बाजू. शिकवणारे सर म्हणाले, "गावाकडची गाडी साडेचारला सुटते, शाळा पाचला. सगळ्या निघून जातात."

"शेवटचा तास कोणता?"

"मंगळ, बुध, शुक्र, गणित."

मी वही काढून हिशेब केला. आठवड्यातले तीन तास, वर्षभर. दहावीचा भूमितीचा निम्मा अभ्यासक्रम त्या मुलींनी स्टँडवर काढला असणार. शिक्षकांना ते दिसत होतं, पण ते कुणाच्या मागण्यांत बसत नव्हतं. वेळापत्रक बदललं तर कुणाच्या तरी दुसऱ्या गाडीची वेळ चुकत होती, बहुधा शिक्षकांचीच. आगार व्यवस्थापकांना फोन केला. त्यांनी आधी चालकांच्या ड्यूटीची अडचण सांगितली, मग म्हणाले, "साहेब, शाळेने वेळ लेखी कळवलीच नव्हती. आम्हाला वाटलं, साडेचारलाच सुटते." मुख्याध्यापकांकडून पत्र घेतलं, पुढच्या आठवड्यापासून गाडी सव्वापाचला. यासाठी आमदार लागत नाही. पण कुणी तरी शेवटच्या तासाला त्या वर्गावरून जावं लागतं, आणि आमचा सगळा वावर मधल्या सुट्टीतला.

शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमाने शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून बाकी अशैक्षणिक कामं लावायला मनाई केली आहे. त्यावर आम्ही किती बोललो! बीएलओच्या याद्या, पोषण आहाराचा हिशेब, सरल आणि यूडायसची माहिती भरणं. खरंच जाच आहे तो. पण एकदा एका तरुण शिक्षिकेने भर सभेत उठून विचारलं, "सर, ही कामं काढून घेतली तर त्या वेळात आपण काय करणार, ते कुठे लिहून देतोय का आपण?" व्यासपीठावरच्या पुढाऱ्यांना ते आवडलं नाही. मला आवडलं. तिला पुढच्या कार्यकारिणीत घ्या, असं मी सुचवलं; जिल्ह्याने ऐकलं नाही.

एक टर्म झाली. पुन्हा उभा राहिलो नाही. प्रकृती, खर्च आणि काही प्रमाणात कंटाळा. सभागृहाचा कंटाळा नाही आला, मतदार नोंदणीच्या अर्जांचा आला. ही यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते, आणि जो जास्त अर्ज भरून घेतो त्याची निवडणूक तिथेच अर्धी झालेली असते. अर्जांचे गठ्ठे, मुख्याध्यापकांचे दाखले, शाळांवर नसलेल्या शिक्षकांची नावं असल्याच्या तक्रारी. पडताळणी तिथेही करावी, असं कधी कधी वाटायचं.

प्राथमिक शिक्षकांनाही मत द्या, ही मागणी जुनी आहे. त्यासाठी घटना बदलावी लागेल. मी त्या मागणीच्या बाजूने आहे, कारण गुरुजी आणि बाईंना शिक्षक न मानणारी यादी मला पटत नाही. मात्र त्याने मतदार वाढतील, विषय बदलतील असं मानत नाही. पेन्शन, बदल्या, संचमान्यता हेच राहतील, फक्त आवाज मोठा होईल. तोही व्हायला हवाच.

मागच्या निवडणुकीच्या आधी एक उमेदवार पाठिंबा मागायला घरी आला. तरुण, चुणचुणीत, शिक्षकच. छापलेला जाहीरनामा दाखवला. मागण्या सगळ्या रास्त, क्रमही ठीक, वित्त विभागाचा अडसर कुठे येईल तेही त्याला माहीत. मी त्याला म्हटलं, शाळाभेटीत मधली सुट्टी आटोपली की एखाद्या वर्गात मागच्या बाकावर तासभर बसत जा, कुणाला न सांगता. तो हसला. चहा संपवला, घड्याळ बघितलं आणि नम्रपणे म्हणाला, "सर, तेवढ्या वेळात अजून एक शाळा होते."

त्याचा हिशेब बरोबर होता. तो निवडून आला, चांगल्या फरकाने. पहिल्याच अधिवेशनात त्याने थकलेल्या वैद्यकीय देयकांचा प्रश्न लावून धरला, उपप्रश्न मोजकाच ठेवला, मंत्र्यांकडून तारीख घेतली. मार्चअखेर आमच्या जिल्ह्यातली बिलं निघाली. त्यांत माझ्या धाकट्या भावाचं, तोही मास्तरच, अँजिओप्लास्टीचं बिल होतं.